खाट आधी मागा, पैसे मग

गावाकडच्या ग्रुपवर दर महिन्या-दोन महिन्यांनी एखादं आवाहन येतंच. रुग्णालयाच्या लेटरहेडवरचं खर्चाचं एस्टिमेट, नाकात नळी घातलेल्या माणसाचा फोटो, खाली क्यूआर कोड. दोन वर्षांपूर्वी आमच्याच गावातल्या एका शेतमजूर बाईंचं असं आवाहन आलं. हृदयाची झडप बदलायची होती, ३ लाख ८० हजार लागणार होते. मी इथून, न्यू जर्सीतून २०० डॉलर पाठवले, ओळखीच्यांकडून आणखी जमवले. ऑपरेशन झालं. बाई आज हिंडत्या-फिरत्या आहेत, याचा आनंद शब्दांत सांगता येणार नाही.

पुढे सुट्टीत गेलो तेव्हा फेरतपासणीला त्यांच्यासोबत मीही गेलो. बिलाच्या खिडकीजवळ, पाण्याच्या कूलरमागे अर्धा झाकलेला एक फलक होता: निर्धन रुग्णांसाठी राखीव खाटा. रुग्णालय धर्मादाय ट्रस्टचं होतं. मी त्यांच्या नवऱ्याला विचारलं, "तात्या, पिवळं रेशनकार्ड आहे ना तुमचं? कुणी मागितलं नाही?"

"न्हाई रं. पैसं कवा भरताय, एवढंच इचारायचे."

महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम ४१ कक आहे आणि २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याखालची योजना लागू केली. धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम त्यासाठी बाजूला काढायची. तातडीच्या रुग्णाकडे अनामत मागायची नाही. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेचं विमाकवच वेगळं, पण ते रुग्णालय त्या यादीत नव्हतं. म्हणजे तात्यांचा हक्क त्या कूलरमागेच होता, आणि आम्ही सातासमुद्रापलीकडून वर्गणी काढत होतो.

पुण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयाने अनामत मागितल्यावरून २०२५ साली जो गदारोळ झाला, तेव्हा घरच्यांशी फोनवर माझा वाद झाला. भाऊ म्हणाला, "तुमच्याकडे बरं आहे, सगळं इन्शुरन्समध्ये." बरं नाही. माझ्या घराजवळच्या पेट्रोल पंपावर गल्ल्याशेजारी प्लॅस्टिकची बरणी ठेवलेली होती. तिच्यावर चिकटपट्टीने लावलेला एका शाळकरी मुलाचा फोटो, आत चुरगळलेल्या एक-एक डॉलरच्या नोटा. गोफंडमी या ऑनलाइन मदत गोळा करायच्या साइटवरच्या २०१६ ते २०२० या काळातल्या ४ लाख ३७ हजारांहून अधिक वैद्यकीय आवाहनांचा अभ्यास झाला, त्यात जेमतेम १२ टक्क्यांनी ठरलेली रक्कम गाठली आणि १६ टक्क्यांना एक डॉलरही मिळाला नाही. इथेही ना-नफा रुग्णालयांना करसवलत आहे आणि २०१०च्या कायद्याने त्यांच्यावर गरिबांसाठी लेखी अर्थसाहाय्य धोरण ठेवायचं, ते लोकांपर्यंत पोचवायचं बंधन आहे. तरी बिल हातात पडलेल्या कितीतरी जणांना तसा अर्ज करता येतो हेच ठाऊक नसतं. पाटी इथलीही कूलरमागेच आहे.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे: आमच्या गावच्या बाईंना पैसे मिळाले, कारण ग्रुपवर मी होतो. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचं परदेशात कुणी नव्हतं. गोड चेहऱ्याचं लेकरू, नीट लिहू शकणारा नातेवाईक, डॉलर कमावणारा गाववाला, यावर कुणाचं हृदय दुरुस्त होणार हे ठरतं. हे मला मान्य नाही.

कुणी म्हणेल, माणूस आयसीयूत असताना कायदा काय सांगत बसता? बरोबर आहे, तेव्हा पैसे पाठवावेत आणि मीही पाठवतो. पण त्याच वेळी एक फोनही करतो: रुग्णालय ट्रस्टचं आहे का, रेशनकार्ड कुठलं, रुग्णालयातल्या समाजसेवकाला भेटलात का. ट्रस्टवाले निधी संपल्याचं सांगतात. काही ठिकाणी ते खरंही असेल, पण मग तसं लेखी द्यावं.

आणि पैसे खरोखर लागतात ते नंतर. बाईंची झडप धातूची, म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर, आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ आहे याची तपासणी पुन्हा पुन्हा, दर खेपेला एसटीचं भाडं आणि दोघांची बुडालेली मजुरी. यासाठी कुणी क्यूआर कोड टाकत नाही. तो खर्च आता मी उचलतो.

गेल्या आठवड्यात नवं आवाहन आलं, खुब्याच्या ऑपरेशनचं. रुग्णालय ट्रस्टचं आहे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मावसभाऊ दोनदा तहसीलला जाऊन आला. उद्या परत जाणार आहे.