‘वय अधिक शंभर’ : रक्तदाबाचे एक घातक गणित

रक्तदाबाविषयीचा एक लांबलचक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर घरोघरी फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे की वरचा रक्तदाब ‘वय अधिक शंभर’ इतका असणे नैसर्गिक आहे, १४०/९० ही मर्यादा औषध कंपन्यांनी धंद्यासाठी ठरवली, या गोळ्यांनीच पुढे किडनी निकामी होते, काही त्रास नसेल तर औषध लागत नाही, सैंधव व लसूण पुरेसे आहेत आणि आधुनिक वैद्यक आपल्या वनस्पती दडपते. माझ्याकडे नियमित येणाऱ्या एका आजींनी हे वाचून दीड महिना गोळी बंद ठेवली होती. दंडाला पट्टा बांधून मोजले तेव्हा रक्तदाब १६६/९६ भरला. त्या समाधानाने म्हणाल्या, “माझं वय अडुसष्ट, म्हणजे एकशे अडुसष्टपर्यंत चालतो ना, डॉक्टर?”

वयाचे हे सूत्र जुन्या वैद्यकातून आले आहे, हे खरे. वयानुसार रक्तवाहिन्या कडक होतात, तेव्हा त्यांतून रक्त पुढे ढकलायला वाढीव दाब आवश्यकच असतो, असे त्या काळी अनेक डॉक्टर मानत. त्या समजुतीची किंमत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या नोंदींत दिसते. १९३७ मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी, त्यांचा रक्तदाब १६२/९८ होता, म्हणजे या सूत्राच्या अगदी जवळ. १९४१ मध्ये तो १८८/१०५ झाला, तरी त्यांचे वैयक्तिक डॉक्टर प्रकृती वयाला साजेशीच असल्याचे सांगत राहिले. १२ एप्रिल १९४५ रोजी असह्य डोकेदुखीनंतर मेंदूत रक्तस्राव होऊन ते ६३ व्या वर्षी गेले. तेव्हा परिणामकारक औषधे जवळजवळ नव्हती. आज ती असताना तेच सूत्र पुन्हा पसरवले जावे, याचे मला फार वाईट वाटते. साठीपुढच्या ४,७०० हून अधिक लोकांवर झालेल्या आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘शेप’ चाचणीत वरचा दाब औषधाने उतरवल्यावर पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटले. ऐंशीपुढच्या रुग्णांवरील ‘हायव्हेट’ चाचणीत (२००८) मृत्यूच एक-पंचमांशाने कमी झाले. वयानुसार रक्तदाब वाढतो, पण पुष्कळांचा वाढतो म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही.

कंपन्यांवरील आरोपाबद्दल थोडे सांगतो. ‘शेप’मध्ये प्रथम दिलेले क्लोरथॅलिडोन हे जुने आणि स्वस्त औषध आहे. मर्यादा नेमकी किती असावी यावर तज्ज्ञांत खरोखर मतभेद आहेत. २०१७ मध्ये अमेरिकेने ती १३०/८० वर आणली, भारतात मात्र बहुतेक डॉक्टर १४०/९० हीच मर्यादा धरतात. पण हा वाद १३० की १४० असा आहे; १६८ च्या बाजूने त्यात कोणीही उभे नाही.

किडनीच्या मुद्द्यावर सविस्तर बोलायला हवे, कारण सर्वांत जास्त भीती त्याचीच आहे. प्रत्येक किडनीत रक्त गाळणारे सुमारे दहा लाख सूक्ष्म केशवाहिन्यांचे गुच्छ असतात. वर्षानुवर्षे जास्त दाब सोसून ते कठीण होतात, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, आणि आजारी किडनी उलट रक्तदाब आणखी वाढवते. किडनी निकामी होण्याच्या कारणांत मधुमेहाच्या खालोखाल उच्च रक्तदाबच येतो. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल ही रक्तदाबाची औषधे सुरू केल्यावर रक्तातले क्रिएटिनिन (किडनीचे काम दाखवणारा घटक) थोडे वाढू शकते, म्हणून काही आठवड्यांत रक्त तपासावे लागते, आणि जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी कमी झाले तर डॉक्टरांना लगेच विचारावे लागते; या भीतीत खरे आहे ते एवढेच. याच कुळातले लोसार्टन मधुमेही रुग्णांची किडनी निकामी होणे लांबवते, हे २००१ मध्येच सिद्ध झाले. आजींनी औषधांचा डबा उघडला, तेव्हा रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटे जशीच्या तशी होती, पण गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅकची पट्टी निम्मी संपलेली होती. किडनीला खरा धोका त्या पट्टीत होता. ती रक्तदाबही वाढवते.

त्रास जाणवत नाही हा पुरावा धरता येत नाही. हृदयाचा स्नायू जाड होणे, डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्या बिघडणे, मेंदूतल्या बारीक वाहिन्या बंद होऊन स्मृती मंदावणे, हे सगळे बहुधा वर्षानुवर्षे निमूटपणे चालते.

सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे, आणि त्यात सहसा पुरेसे आयोडीनही नसते. कोणतेही मीठ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचे, पापड, फरसाण या हिशेबात धरायचे. लसूण भाजीत जरूर घालावा, पण तो गोळीची जागा घेत नाही. आधुनिक वैद्यक आपल्या वनस्पती दडपते, हेही खरे नाही. मुंबईतल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरील परिणाम रुग्णांवर मोजून १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि जगाने ते औषध स्वीकारले. अधिक सुरक्षित औषधे आल्यावर ते मागे पडले.

ज्यांनी हा मजकूर वाचून गोळ्या थांबवल्या आहेत, त्यांनी राहिलेल्या गोळ्या एकदम घेऊ नयेत. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल किंवा क्लोनिडिन ही रक्तदाबाची औषधे अचानक बंद केल्यास रक्तदाब उसळू शकतो, म्हणून आजच मोजून घ्यावा आणि घरातल्या सगळ्या पट्ट्या, दुखण्याच्याही, सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते.