ऑडिशनला 'ला कँपानेला'च लागते का? खुलासा

पियानो ऑडिशनला फ्रान्झ लिस्ट या संगीतकाराची 'ला कँपानेला' ही अवघड रचना नसेल तर अमेरिकेत संगीताच्या कोर्सला अ‍ॅडमिशन विसरा, असा मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरतोय, तर तसं काही नाहीये. बहुतेक ठिकाणी वेगवेगळ्या काळातलं मागतात, म्हणजे बाखचा एक प्रिल्यूड-फ्यूग, म्हणजे जोडीने वाजवायच्या दोन छोट्या रचना (त्याच्या 'वेल-टेम्पर्ड क्लॅव्हियर' या संग्रहाच्या दोन भागांत मिळून अशा ४८ जोड्या आहेत, घ्या कुठलीही), हायडन, मोझार्ट नाहीतर बेथोवनचा सोनाटा (बहुतेक वेळा तीन-चार भागांची मोठी रचना), एक रोमँटिक काळातला, म्हणजे एकोणिसाव्या शतकातला पीस, कधी विसाव्या शतकातलं काहीतरी, आणि मोठ्या कॉन्झर्व्हेटरीत (म्हणजे संगीत महाविद्यालयात) शोपँचा एट्यूडही, म्हणजे तंत्राचा कस लावणारी छोटी रचना. हां, बेथोवनचे ओपस ४९ (ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक) चे दोन सोपे सोनाटे बऱ्याच ठिकाणी चालत नाहीत, ते आधी बघा. शिवाय परीक्षक मध्येच थांबवतात, त्यामुळे पहिलं पानच घसरलं तर पुढची कसरत कोण ऐकणार? प्रत्येक युनिव्हर्सिटीची यादी वेगळी असते बरं का.