‘लेथ न बघितलेला माणूस’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

कारखान्यात तयार झालेल्या बोल्ट-ॲक्शन रायफलींवरच्या माझ्या गेल्या लेखाखाली ‘अचूकवेधी’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मी लिहिलं होतं की दुकानातून आणलेली रायफल कितीही चांगली असली तरी कस्टम रायफल बांधणाऱ्यासाठी ती कच्चा माल असते, आणि त्या कामाला रेमिंग्टन ७०० या अमेरिकी रायफलीची ॲक्शन, म्हणजे गोळी आत ढकलून मागून बंद करणारा बोल्ट आणि तो ज्यात सरकतो ती रिसीव्हर, आजही सगळ्यात सोयीची पडते.

त्यावर या महाशयांचं म्हणणं थोडक्यात असं. फिनलंडच्या सको कंपनीची टिक्का रायफल डब्यातून काढली की शंभर यार्डांवर तीन गोळ्या एका इंचात मारते, मग ‘रिसीव्हर ट्रू करणं’, म्हणजे तिचे सगळे भाग लेथवर एका अक्षात आणणं, हे थोतांड कशाला? ७०० घेऊन ती ट्रू करायला जो खर्च येतो त्यात थोडी भर घातली की तयार कस्टम ॲक्शन येते. ७०० चा ट्रिगर बदनाम आहे. मराठीत हे लिहून कुणाला काय उपयोग? आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं देतो : “हे सगळं लेथ न बघितलेल्या माणसाचं पुस्तकी ज्ञान आहे.”

मतभेदाचं मला वावडं नाही. इथे लोक माझ्याशी वाद घालतात, मी उत्तरं देतो, पुढे जातो. पण हे वाक्य मी सोडणार नाही.

अहो, मिसरूड फुटायच्या वयात मी भोसरीतल्या एका टूलरूममध्ये शिकाऊ म्हणून लागलो. सुरुवातीला मशीनला हात लावायची परवानगी नव्हती, फक्त कानस. लोखंडाचा चौकोनी ठोकळा कानशीने सपाट करायचा, सर्फेस प्लेटवर ब्लू (उंचवटे दाखवणारा निळा रंग) लावून घासायचा, जिथे डाग उमटेल तिथे पुन्हा घासायचं. फोरमन यायचे, गुण्या लावून उजेडाकडे धरायचे आणि एक शब्द न बोलता ठोकळा परत हातात द्यायचे. लेथ, म्हणजे जॉब (घडवायचा तुकडा) फिरवून कापायचं यंत्र, मिळाला तो त्यानंतर. चार जबड्यांच्या चकमध्ये जॉब धरायचा, डायल (केसाएवढी हालचालही काट्याने दाखवणारं माप) लावायचा, समोरासमोरचे जबडे एक सैल एक घट्ट करत काटा थांबेपर्यंत फिरवायचं. काटा थांबला असं वाटलं की फोरमन जॉबच्या दुसऱ्या टोकाला डायल लावायला सांगायचे, आणि तिथे तो नाचत असायचा. एका टोकाला सेंटर झालेला जॉब सरळ असतोच असं नाही, हे मी तिथे शिकलो. पुढे मिशिगनमध्येही टूल अँड डायचंच काम केलं, आणि आज माझ्या गॅरेजमध्ये जो लेथ आहे त्यावर माझ्या स्वतःच्या रायफलींच्या बॅरल्स मी स्वतः बसवतो. हे सगळं माहीत नसताना तुम्ही ‘पुस्तकी’ म्हणालात. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

आता ते ‘थोतांड’ काय असतं ते सांगतो, कारण ज्यांनी ते केलेलं नाही त्यांनाच ते थोतांड वाटतं.

रिसीव्हर म्हणजे ज्यात बोल्ट मागेपुढे सरकतो आणि ज्याच्या पुढच्या तोंडाला बॅरल आट्यांनी बसते तो भाग. बोल्टची वाट, बॅरलचे आटे, पुढचं तोंड आणि आत बोल्टचे दोन लग (बाहेर आलेले उंचवटे) ज्यावर टेकतात त्या बैठका, या सगळ्यांचा अक्ष एकच असला पाहिजे. कारखान्यात ही कामं वेगवेगळ्या सेटिंगला होतात, वर उष्णतेची प्रक्रिया होते, त्यात धातू थोडा हलतो. म्हणून आपण बोल्टच्या वाटेत घट्ट बसणारा मँड्रेल, म्हणजे अचूक घासलेला दांडा, घालतो, रिसीव्हर फिक्स्चरमध्ये पुढच्या-मागच्या स्क्रूंवर धरतो आणि मँड्रेलवर दोन ठिकाणी डायल लावून, दोन्हीकडे काटा थांबेपर्यंत स्क्रू हलवतो. मग एकाच सेटिंगला आटे साफ करायचे, बैठका कापायच्या, तोंड फेस करायचं.

एका नव्याकोऱ्या रिसीव्हरवर मी पहिला हलका कट घेतला तेव्हा काय दिसलं ते सांगतो. कारखान्याचं नाव घेत नाही, कारण हे कुणाच्याही मालात सापडू शकतं. टूल फिरलं आणि तोंडाच्या अर्ध्याच भागावर चकाकी आली, चंद्रकोरीसारखी. उरलेला अर्धा भाग काळाच, टूलचा त्याला स्पर्शही नाही. म्हणजे ते तोंड अक्षाला काटकोनात नव्हतं. त्याच बोल्टच्या लगांना ब्लू लावून बोल्ट मिटवला, उघडला. एका लगचा रंग पुसला होता, दुसऱ्याचा होता तसाच. .३०८ विंचेस्टरच्या कार्ट्रिजचा (काडतुसाचा) कमाल दाब ६२,००० पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला तेवढे पौंड, ठरलेला आहे. तो सगळा दाब बोल्ट एका खांद्यावर घेतो, तेव्हा तो वाकडा बसतो. आणि तिरक्या तोंडावर आवळलेली बॅरल एका बाजूने दाबली जाते. गार असताना ती एकीकडे मारते, तापली की गोळ्या सरकायला लागतात. शिकाऱ्याच्या पहिल्या दोन गोळ्यांत हे कळत नाही. पुढच्या दहांत कळतं.

इथेच तुमच्या तीन गोळ्यांचा प्रश्न येतो, आणि तुमच्या अख्ख्या प्रतिक्रियेचा डोलारा त्यावरच उभा आहे. शंभर यार्डांवर एक मिनिट कोन (अंशाचा साठावा भाग) म्हणजे १.०४७ इंच, इथपर्यंत आपलं एकमत आहे. पण रायफल तीच, दारूगोळा तोच, नेमबाज तोच ठेवून गोळ्या वाढवल्या की ग्रुप, म्हणजे कागदावरच्या छिद्रांचा पसारा, वाढतोच. तीन गोळ्यांचा सरासरी एक इंचाचा ग्रुप देणारी रायफल पाच गोळ्यांचा ग्रुप सरासरी सव्वा इंचाच्या किंचित वर देते आणि दहा गोळ्यांचा जवळपास १.६ इंचाचा. रायफल बिघडलेली नसते. तीन गोळ्यांनी तिचा खरा पसारा दाखवलाच नव्हता, एवढंच. त्यात माणूस रेंजवरून परतताना खिशात कुठला कागद ठेवतो? सगळ्यात लहान ग्रुपचा. मोठे ग्रुप ‘मीच हललो’ म्हणून कचऱ्यात जातात. अनेक कारखान्यांच्या हमीही तीनच गोळ्यांच्या असतात, ते उगाच नाही.

बरं, टिक्काला मी वाईट म्हटलेलं नाही. तिचा बोल्ट ७०० पेक्षा मऊ चालतो, ट्रिगर चांगला आहे आणि थंड घडाईच्या (धातू न तापवता ठोकून घडवलेल्या) बॅरल्स सकोच्या रीहिमाकीच्या कारखान्यात फार निगुतीने होतात. हे मी मोकळेपणाने मान्य करतो. डब्यातून काढायची आणि हरणामागे जायचं असेल तर घ्या टिक्का, माझा आशीर्वाद आहे. पण माझा लेख डब्यातून काढण्याबद्दल नव्हताच! तो बांधण्याबद्दल होता. २००३ साली आलेल्या टिक्का टी३ मध्ये लहान-मोठ्या सगळ्या कार्ट्रिजना एकाच लांबीची रिसीव्हर दिली, रिकॉइल लग (गोळी सुटतानाचा मागचा धक्का पेलणारा तुकडा) रिसीव्हरला न जोडता स्टॉकमध्ये, म्हणजे दस्त्यात, बसवला. कारखान्याच्या दृष्टीने हे शहाणपणाचं आहे. बांधणाऱ्याच्या दृष्टीने ७०० ची रचना सरस आहे. गोल सळईतून कापलेली रिसीव्हर, म्हणजे लेथवर धरायला सोपी. लग बॅरल आणि रिसीव्हर यांच्यामध्ये वॉशरसारखा सुटा. तो काढा, दोन्ही अंगांनी समांतर घासलेला जाड लग घाला, झालं. माउझर ९८ किंवा विंचेस्टर ७० ची रिसीव्हर सपाट बुडाची, लग तिच्याच अंगाचा. ती मजबूत आहे, देखणी आहे, पण तिला फिक्स्चरमध्ये धरताना घाम फुटतो.

आणि हा योगायोग नाही. ७०० ज्यांच्या हाताखाली तयार झाली ते माइक वॉकर स्वतः बेंचरेस्टचे, म्हणजे टेबलावर रायफल टेकवून लहानात लहान ग्रुप काढायच्या स्पर्धेचे, नेमबाज होते. १९४८ ची ७२१-७२२ ही जोडी, १९५० चं .२२२ रेमिंग्टन कार्ट्रिज, १९६२ ची ७००, सगळ्यांवर त्यांचा हात आहे. एकाच भोकातून पाच गोळ्या घालण्याचा ध्यास असलेल्या माणसाने आखलेली ॲक्शन आहे ती. अमेरिकी मरीन्सनी १९६६ मध्ये तीच एम४० या नावाची स्नायपर रायफल म्हणून घेतली. व्हिएतनामच्या दमट हवेत तिचे लाकडी स्टॉक फुगायला आणि वाकायला लागले, तेव्हा क्वांटिकोच्या, म्हणजे मरीन्सच्या तळावरच्या, शस्त्रकारागिरांनी काय केलं? ॲक्शन ठेवली, फायबरग्लासचा स्टॉक लावला, नवी जड बॅरल लावली आणि एम४०ए१ बांधली. लष्कराची १९८८ ची एम२४ सुद्धा ७०० च्याच लांब ॲक्शनवर. पुढे तिला .३०० विंचेस्टर मॅग्नमचं रूप द्यायचं ठरलं, तेव्हा त्या लांबीमुळेच ते जमलं. कारखान्याची ॲक्शन घेऊन रायफल बांधणं थोतांड असेल, तर ते क्वांटिकोत जाऊन सांगा.

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. खर्चाचा हिशेब ज्याचा त्याने करावा. ज्याच्या कपाटात जुनी ७०० पडून आहे त्याला ॲक्शनचा खर्चच नाही. शिवाय तुम्ही ज्या तयार कस्टम ॲक्शन्सचं कौतुक करता त्यांतल्या बहुतेक ७०० च्याच मापाच्या असतात, म्हणजे ७०० चे ट्रिगर आणि स्टॉक त्यांना बसावेत म्हणून! यापेक्षा मोठं प्रमाणपत्र काय हवं? ट्रिगर न ओढताही गोळी सुटते या तक्रारींवरून खटले झाले, ट्रिगर बदलून देण्याची तडजोड झाली, हे जगाला माहीत आहे. कस्टम रायफल बांधणारा कारखान्याचा ट्रिगर पहिल्या दिवशी काढून ठेवतो. तो मुद्दाच नाही.

‘मराठीत कुणाला उपयोग’ हे मात्र वाचून वाईट वाटलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, आडवं आणि उभं राहून नेमबाजी) कांस्य मिळवलं. त्या प्रकारातले नेमबाज .२२ च्या आपल्या बॅरलला कुठला दारूगोळ्याचा लॉट मानवतो हे शोधायला लॉटमागून लॉट तपासतात. बॅरल, चेंबर, बेडिंग (ॲक्शन स्टॉकमध्ये घट्ट बसवणं), ग्रुप हे शब्द महाराष्ट्रातल्या रेंजवरची पोरं रोज बोलतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने भारतात शिकारीवर बंदी आहे, परवान्याचे नियम कडक आहेत, हे खरं. म्हणून यंत्र कसं चालतं हे मराठीत लिहायचंच नाही? माझ्याकडे ज्या वाचकांची पत्रं येतात त्यांतले निम्मे चाकण-पिंपरीतले मशिनिस्ट आहेत. त्यांच्या हातात परवाना नसेल, पण मायक्रोमीटर आहे, आणि मी काय म्हणतोय ते त्यांना तुमच्यापेक्षा लवकर कळतं.

तेव्हा, अचूकवेधी, एक करा. तुमची टिक्का घेऊन रेंजवर जा. बॅरल मध्ये थंड न करता सलग दहा गोळ्या एकाच कागदावर मारा. दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा. कुठलीही गोळी ‘माझ्या हाताची चूक’ म्हणून वगळू नका. दोन्ही कागदांचे फोटो, बाजूला पट्टी ठेवून, मला पाठवा. मी त्याच आठवड्यात माझ्या ७०० चे तसेच दोन कागद काढतो आणि चारही फोटो इथे एकाखाली एक लावतो, मापं तुमच्या हातची.