‘खरी कला मरत नाही’ म्हणे!

रविवारी सकाळी मामांनी घरच्या ग्रुपवर एक फिरता मजकूर टाकला: ‘खरी कला कधी मरत नाही. तमाशा मेला, कारण लोकांची अभिरुची सुधारली. पठ्ठे बापूरावांना कुणी अनुदान दिलं होतं? तरी त्यांची लावणी टिकलीच ना! रडणाऱ्या फडमालकांनी काळाबरोबर बदलावं. आणि यूट्यूबवर सगळं आहेच की.’ खाली अंगठ्यांची रांग. मामा म्हणजे तांबडं फुटेपर्यंत तमाशाच्या तंबूतून न हलणारा माणूस, गावच्या यात्रा कमिटीत वर्षानुवर्षं काढलेला. हे त्यांनी पुढे ढकलावं?

अभिरुचीचं आधी. स्वातंत्र्य मिळाल्या मिळाल्या मुंबई सरकारने तमाशा अश्लील ठरवून त्यावर बंदी घातली. ती उठली, पण संहिता आधी तपासून घ्यायची या अटीवर. पुढे १९५९ साली ‘सांगत्ये ऐका’ हा सिनेमा आला. त्यात तमाशाच, आणि पुण्याच्या विजयानंद थिएटरला तो १३१ आठवडे चालला. तीच ढोलकी, तीच लावणी, गल्ला तेवढा दुसऱ्याच्या पेटीत. मुंबईत लालबागचं तमाशाचं हनुमान थिएटर गिरणी कामगारांच्या जिवावर चालायचं. १९८२ च्या संपानंतर त्या माणसांची अभिरुची सुधारली, की पगार बंद झाला?

बापूरावांचा मुद्दा वाचून मात्र डोकंच फिरलं. अहो, ज्यांचं उदाहरण देताय ते स्वतः १९४५ साली पुण्यात हलाखीत गेले! लावणी टिकली म्हणून छाती फुगवायची आणि लावणीकाराच्या शेवटच्या दिवसांचं नावही काढायचं नाही. बरं, ती लावणी फडावर उभी कुणी केली? त्यांच्या फडातल्या नर्तकी पवळा हिवरगावकरणीने. रेठऱ्याचे ब्राह्मण श्रीधर कुलकर्णी, म्हणजेच बापूराव, घरदार सोडून फडावर आले, त्याची दंतकथा झाली. महार समाजातल्या पवळेचं काय झालं? इतिहासकार शैलजा पाईक यांनी दलित तमाशा कलावंत स्त्रियांवर २०२२ साली अख्खं पुस्तक लिहिलंय. मान कुणाच्या वाट्याला आला आणि बदनामी कुणाच्या, हे त्यात जातीसकट मांडलंय. २०२४ साली त्यांना अमेरिकेतली मॅकार्थर फेलोशिप मिळाली तेव्हा याच ग्रुपवर अभिनंदनाचे हार पडले होते. पुस्तक कुणी उघडलेलं दिसत नाही.

तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकरांचंही तेच. राष्ट्रपतींच्या हातून सन्मान झाला, तरी २००२ साली त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचं बिल लोकांच्या मदतीतून भागलं. आता त्यांच्या नावाने सरकार जीवनगौरव देतं.

‘काळाबरोबर बदला’ यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. काही फडांनी सिनेमाच्या गाण्यांचा एवढा मारा केला की बतावणीतला, म्हणजे विनोदी संवादांतला, मिश्कीलपणा आटला. पण वग, म्हणजे तमाशातलं नाट्य, का आखडला ते मामांना चांगलं ठाऊक आहे. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी हे आधीचे भाग झाल्यावर मध्यरात्रीनंतर वग रंगायचा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहाला भोंगे बंद केले. नियम वाईट आहे असं म्हणत नाही, म्हातारी माणसं, परीक्षेची पोरं असतातच. पण निम्मा खेळ कापायचा आणि वर म्हणायचं, तमाशात आता दम नाही राहिला! शिवाय फडमालक उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देऊन कलावंत बांधतो, ती सावकाराच्या कर्जातून. ते कर्ज फिटतं चैत्र-वैशाखाच्या जत्रांवर. २०२० आणि २०२१ असे लागोपाठ दोन हंगाम कोरोनात गेले. जिथे तमाशे ठरवले जातात त्या नारायणगावच्या राहुट्यांत तेव्हा सुपारी द्यायला येणार होतं कोण?

यूट्यूबचं काय बोलायचं. चार मिनिटांची लावणी सापडते, तीही बहुतेक रिमिक्स. अख्खा वग, सोंगाड्याची, म्हणजे तमाशातल्या विदूषकाची, त्या गावच्या पाटलाला मारलेली कोपरखळी आणि त्यावर उसळलेला हशा, याची लिंक मामांनीच पाठवावी.

मामांचं उत्तर आलंय: ‘मी फक्त फॉरवर्ड केलं रे.’ यंदाच्या यात्रेला कमिटीने ऑर्केस्ट्रा ठरवलाय.