नाल्याकडची पट्टी मोकळी सोडा

बेळगावच्या शहापूर शिवारात आमचं भाताचं शेत आहे, बळ्ळारी नाल्याला लागून. आजोबांनी नाल्याकडची दहा-बारा हात पट्टी कधी नांगरली नाही. तिथं करंज, निर्गुडी, एक उंबर आणि कमरेएवढं गवत. म्हशीची वैरण तिथलीच. आषाढात नाला फुगला की पाणी त्या पट्टीत पसरायचं, गवतात अडून संथ व्हायचं, गाळ तिथंच टाकून ओसरायचं. भात टिकायचं.

आता वरच्या अंगाला अगदी पाण्यापर्यंत भराव टाकून प्लॉट पाडलेत. झाडी जेसीबीनं खरवडून काढली. पसरायला जागाच उरली नाही, म्हणून तेच पाणी जोरात खाली येतं, बांध फोडतं आणि आमच्या वाफ्यांत आठ-आठ दिवस तुंबतं. २०१९ च्या ऑगस्टात तर शिवाराचं तळं झालं होतं. बेळगाव बासमतीचं हे शिवार. उभं भात कुजताना बघवत नाही हो.

दरवर्षी आपण ओरडतो, गाळ काढा, जलपर्णी काढा. काढायलाच हवी. पण काठ उघडा ठेवला तर पहिल्याच वळवाला माती पुन्हा नाल्यात येते, आणि सांडपाणी सोडत राहिलो तर जलपर्णीही. काँक्रीटची भिंत घाला म्हणणाऱ्यांनाही माझा विरोध आहे. भिंतीनं पाण्याचा वेग वाढतो आणि नुकसान खालच्या शेतकऱ्याच्या दारात जातं.

आपल्याकडे जमिनीच्या कागदावर 'ब खराब' असं क्षेत्र असतं. नाले, वाटा, तळी यांसाठी राखलेली ती सार्वजनिक जागा. खरेदीआधी तेवढं बघाच. बेंगळूरच्या २०१५ च्या विकास आराखड्यात मोठ्या राजकालुवेच्या, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नाल्याच्या, मध्यापासून ५० मीटर, मधल्यापासून २५ आणि लहानापासून १५ मीटर जागा मोकळी ठेवायची आहे. तिथंही अतिक्रमणं झाली, खरं आहे. तरी अंतर ठरलेलं असलं की जाब विचारता येतो. बळ्ळारी नाल्याच्या दोन्ही अंगांना असंच अंतर ठरवून, मोजणी करून हद्दीचे दगड रोवा, एवढीच माझी मागणी आहे.

गेल्या महिन्यात एक एजंट आला होता. म्हणाला, "काका, ही पडीक पट्टी भरून घ्या, दोन गुंठे वाढतील." नाही म्हणून सांगितलं. करंजाच्या शेंगा गोळा करून ठेवल्यात, मृगाच्या आधी तिथंच लावणार. ज्यांचं शेत नाल्याला लागून आहे त्यांनी बिया घेऊन जा.