खरं, इथं नको

परवा सिंगापूरहून आलो. भेटेल तो विचारतो, "कशी झाली ट्रिप?" मी म्हणतो, झकास. पाच दिवसांतले साडेतीन झकासच होते. उरलेला दीड दिवस काट्याखाली गेला.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मुलीनं आमची रवानगी केली होती. ग्रुपमध्ये आम्ही दोघंच बेळगावच्या शहापूरची, बाकी सगळी पुण्यामुंबईकडची. त्यांत ठाण्याचे एक निवृत्त काका. त्यांच्याकडं सामान तोलायचा स्प्रिंगचा काटा होता. लाल मूठ, खाली हूक, मध्ये काचेआड थरथरणारी सुई. डॉक्टरच्या गळ्यात नळी असते तसा तो काकांच्या गळ्यात लोंबायचा. चौथ्या दिवशी संध्याकाळी मुस्तफा मॉलमधून पिशव्या भरून हॉटेलात आलो, तर लॉबीत काका सोफा सरकवून बसलेले, पुढं बॅगांची रांग. रेशन दुकानातसुद्धा एवढी शिस्त नसते.

आमच्या पिशव्यांत चोवीस डब्या वाघछाप बाम होता. गल्लीतले गुडघे मोजून घेतलेला.

"वीस किलोच्या वर एक ग्रॅम गेला तरी सोडत नाहीत," काका म्हणाले आणि परवानगी न घेता माझ्या बॅगेत हूक अडकवला. सुई थरथरली. काकांनी चष्मा कपाळावर नेला. "बावीस किलो तीनशे. उघडा."

"उघडतो, खरं इथं नको," मी म्हटलं.

"खरं इथं नको? मग खोटं कुठं?"

ग्रुप हसला. आता आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात, हे त्यांना कसं समजवायचं? मी समजवायला गेलोही. काकांनी हात वर केला. "कुठले म्हणालात तुम्ही?"

"बेळगाव."

"म्हणजे कर्नाटक. पण मराठी छान बोलता हं तुम्ही!"

चार दिवसांत चौथ्यांदा. माझी शाळा मराठी, घर मराठी, देव्हारा मराठी. शिव्या तेवढ्या थोड्या कानडी, कारण त्या जास्त लागतात. बरं, कानडी बोलावं तर त्यातही सुख नाही. येताना बेंगळूरला टॅक्सीवाल्याशी चांगली कानडी बोललो, तर तो म्हणाला, "तुम्ही महाराष्ट्राचे काय?" म्हणजे ठाण्यात मी कर्नाटकाचा, बेंगळुरात महाराष्ट्राचा. दर नोव्हेंबरात सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर पोलीस उभे असतात, तेव्हा कुठं कुणालातरी नक्की ठाऊक असतं मी कोण ते.

"अहो, सगळी बघालेत," ही कानाशी पुटपुटली. खरंच बघत होती. मी बॅग उघडली. वरच माझे बनियन, तेही धुवायचे. काकांनी ते दोन बोटांनी बाजूला केले आणि आत हात घातला. सगळ्यात आधी हिच्या जुन्या चपला निघाल्या. "तीनशे ग्रॅम. टाका." मग शेंगदाण्याची चटणी. "अर्धा किलो. परदेशात येऊन चटणी?" मग दगडी मर्लायन, तोही अर्धा किलोचा. वर सिंह, खाली मासा. त्याला घेताना ही म्हणाली होती, "आमच्यासारखंच की हे, धड इकडं न्हाई, धड तिकडं न्हाई." काकांनी त्याला खिडकीत ठेवलं. तो अजून तिथंच असेल.

सामान इकडून तिकडं करावं म्हटलं, तर हिची बॅग बरोब्बर वीस भरली आणि हातातली सात किलो शंभर. हूक त्यांनी तिलाही लावला.

आणि मग तळातून डबा निघाला. किलोभर कुंदा. तिथं नोकरीला असलेल्या भाच्यासाठी नेलेला. "मामा, संध्याकाळी येतो" असं चार संध्याकाळी म्हणून तो आला नव्हता. तोपर्यंत डबा हॉटेलच्या फ्रीजमध्ये जपलेला, दुपारीच बॅगेत भरला होता. काकांनी झाकण काढलं, वास घेतला, चिमूट तोंडात टाकली.

"धारवाडचा पेढा ना? प्रवासात फुटलेला दिसतोय."

बनियनपर्यंत मी सोसलं होतं. दूध तासन् तास ढवळत, करपायच्या एक घटका अलीकडं आणून दाणा धरायला लावायचा, तेव्हा कुंदा होतो. आणि हा माणूस त्याला फुटका पेढा म्हणतो! "कुंदा आहे तो," मी म्हटलं. पण काकांनी डबा ग्रुपमध्ये फिरवायला दिलाही होता. "वजन कमी होतंय तुमचं, वाईट काय त्यात?" डबा परत आला तेव्हा त्यात चमचा होता.

बाम मात्र हिनं काढू दिला नाही. "ते लोकांचं आहे."

दुसऱ्या दिवशी मेट्रोत मी तोंड फुगवून बसलो होतो. तिथं स्टेशनांवर इंग्रजी, चिनी, मलय, तमिळ अशा चार भाषांतल्या पाट्या दिसल्या. एकाच पाटीवर चारी जणी, कुणी कुणाच्या पायावर पाय देत नाही. आमच्याकडं दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड पाहिजे, तर मेहुण्याच्या दुकानाची पाटी तीनदा बदलली. आता मराठी नाव एवढं बारीक झालंय की ते वाचायला आधी चष्म्याचं दुकान गाठावं लागतं. 2014 च्या 1 नोव्हेंबरला गावाचं नावच सरकारी कागदावर बेळगावी झालं. माझ्या पासपोर्टात जन्म एका गावाचा आणि पत्ता दुसऱ्या गावाचा. घर मात्र तेच. हे बोलायची ती जागा नव्हती, ही म्हणाली, आणि गप्प बसा, उतरायचं आहे.

चांगी विमानतळावर काउंटरला बॅग ठेवली. पडद्यावर आकडा आला, 17.6.

मी सरळ हिशेब केला. काढलेले दोन किलो तीनशे मिळवले तर होतात एकोणीस किलो नऊशे. म्हणजे चपला, चटणी, सिंहमासा आणि भाच्याचा कुंदा सगळं बसत होतं. ही पडद्याकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. एक अक्षर बोलली नाही. पंचवीस वर्षांत माणूस न बोलता काय काय बोलायला शिकतो!

तेवढ्यात शेजारच्या रांगेतून काका ओरडले. कधीतरी कामानिमित्त बेंगळूरला वर्षभर राहिले होते म्हणे. "ओ बेळगाववाले! ऊटा आयिता?" म्हणजे जेवण झालं का.

आणि माझ्या तोंडातून, डोक्याला न विचारता, खणखणीत कानडीत निघून गेलं, "आतु री, निमदु?"

काका सबंध रांगेकडं वळले. "बघा! मी म्हणत नव्हतो?"