‘पोट भरलेल्यांना कसली चिंता?’ : फुटबॉलपटूंच्या करारांविषयीच्या एका मजकुराला उत्तर

जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीग या देशातल्या अव्वल फुटबॉल स्पर्धेचा पुढचा हंगाम स्थगित झाला आणि ऑगस्टमध्ये त्यातल्या बेंगळुरू एफसी या क्लबने मुख्य संघातील खेळाडूंचे व कर्मचाऱ्यांचे पगार अनिश्चित काळासाठी थांबवले. तेव्हापासून पुण्यातल्या फुटबॉलप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा : कोट्यवधी कमावणाऱ्यांनी पगाराचे रडगाणे गाऊ नये, करार संपत आला की खेळाडू जीव तोडून खेळतो, तेव्हा डोक्यावर थोडी टांगती तलवार हवीच, पैसे थकले तर नियम आहेत, दुसरा क्लब आहे, आणि पूर्वीचे खेळाडू तर फुकट खेळत, तरी कुरकुर करत नसत. चारही विधाने ठसक्यात केलेली आहेत आणि चारही चुकीची आहेत.

पहिल्या विधानाला आकडे पुरेसे आहेत. फिफप्रो या खेळाडूंच्या जागतिक संघटनेने २०१६ मध्ये ५४ देशांतील जवळपास १४ हजार व्यावसायिक खेळाडूंची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील ४५ टक्क्यांहून अधिक खेळाडू महिन्याला एक हजार डॉलरपेक्षा, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण ६७ हजार रुपयांपेक्षा, कमी कमावत होते. ४१ टक्क्यांना मागच्या दोन हंगामांत पगार उशिरा मिळाला होता. आणि कराराची सरासरी मुदत दोन वर्षेही भरत नव्हती. टीव्हीवर दिसतात ते या डोंगराच्या टोकावरचे मोजके. बरे, टोकावर तरी निर्धास्ती आहे का? पॅरिस सेंट जर्मेन या क्लबने साडेपाच कोटी युरो थकवल्याची तक्रार किलियन एमबाप्पे या फ्रेंच आघाडीपटूला २०२४ मध्ये फ्रेंच लीगकडे न्यावी लागली. त्याची चूल त्यामुळे विझली नाही हे खरे, पण ज्यांची विझते त्यांच्याकडे त्याच्यासारखी वकिलांची फौज नसते.

पुणेकरांनी तर हे विधान पुढे पाठवताना दोनदा विचार करायला हवा होता. २००७ मध्ये उभा राहिलेला पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीग या तेव्हाच्या अव्वल राष्ट्रीय स्पर्धेचा उपविजेता ठरला आणि २०१५ नंतर उरला नाही. भारत एफसी एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजीयन्स २०१७ नंतर आय-लीगमध्ये दिसला नाही. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगमध्ये आलेला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला गेला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. बारा वर्षांत एका शहरातून चार व्यावसायिक क्लब गेले. खेळाडूंच्या पायांत दम नव्हता म्हणून यांतला एकही बंद पडला नाही. निर्णय झाले ते मालकांच्या ताळेबंदावर.

दुसरे विधान सर्वांत लोकप्रिय आहे, कारण ते अर्धे खरे वाटते. करार संपत आलेला आघाडीचा खेळाडू कधी कधी जास्त गोल करतोही. पण जिथे चेंडू साथीदाराला द्यायचा तिथेही तो स्वतः मारत असेल, तर वाढलेला आकडा त्याचा असतो आणि नुकसान संघाचे. शिवाय शेवटच्या वर्षात खेळायला मिळेलच असे नाही. आद्रियां राबियो या फ्रेंच मध्यरक्षकाने करार वाढवायला नकार दिल्यावर पॅरिसच्या त्याच क्लबने डिसेंबर २०१८ नंतर त्याला एकही सामना खेळवला नाही.

आमच्या बालेवाडीच्या सोसायटीत काही वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या पेठेतून आलेला एक डावा बचावपटू भाड्याने राहत असे. भाडेकरार अकरा महिन्यांचा, क्लबशी करार दहा महिन्यांचा, तोही ३१ मेला संपणारा. त्या एका महिन्याच्या फरकापायी घरमालकांनी त्याच्याकडून जादा अनामत घेतली होती. मार्चमधल्या एका संध्याकाळी तो बागेतल्या बाकावर मांडीखाली फ्रीजरमधल्या मटारची पिशवी ठेवून बसलेला दिसला. हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, ओढला गेला होता. फिजिओला दाखवले का, असे विचारल्यावर म्हणाला, “नाही काका. सांगितलं की एमआरआय काढणार, रिपोर्ट फायलीला लागणार, आणि मे महिन्यात तीच फाइल उघडणार.” पुढच्या दोन सामन्यांत तो खेळला, पण एकदाही मधली रेषा ओलांडून वर गेला नाही, त्यामुळे त्याच्या बाजूने चढाई करणारा विंगर एकटा पडत राहिला आणि गॅलरीतले लोक विंगरला शिव्या देत राहिले. तिसऱ्या सामन्यात स्नायू फाटला आणि हंगाम तिथेच संपला. टांगत्या तलवारीने खेळ सुधारतो म्हणतात, तो असा सुधारतो. फिफप्रोच्याच २०१५ च्या अभ्यासात ६०७ खेळाडूंपैकी ३८ टक्क्यांनी नैराश्याची वा चिंतेची लक्षणे सांगितली होती, आणि गंभीर दुखापती वारंवार झालेल्यांत हे प्रमाण अधिक होते. या सगळ्याच्या मुळाशी करार आहे असे मी म्हणणार नाही. मात्र दुखापत लपवायला लावणारा करार त्यात भर घालतो, एवढे त्या बाकावर दिसले.

आता नियमांविषयी. फिफाच्या २०१८ पासूनच्या नियमानुसार किमान दोन महिन्यांचे पगार थकल्यावर खेळाडूने क्लबला लेखी नोटीस द्यायची, पंधरा दिवस थांबायचे आणि मग करार मोडायचा. म्हणजे घरभाडे, हप्ते आणि गावाकडे पाठवायचे पैसे यांची अडीच महिन्यांची सोय त्याने आधीच करून ठेवलेली असली पाहिजे. नव्या क्लबाकडे नोंदणीही सहसा ठरलेल्या मुदतीतच (‘ट्रान्सफर विंडो’मध्ये) होते. भारतीय खेळाडू आणि भारतीय क्लब यांचा वाद आधी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या समितीकडे जातो. तिथे जिंकूनही क्लबच अस्तित्वात नसेल तर निकालाचा कागद कुणापुढे धरायचा? फिफा आणि फिफप्रो यांनी २०२० मध्ये १ कोटी ६० लाख डॉलरचा निधी उभारला, तो नेमका अशा खेळाडूंसाठी. नियम पुरेसे असते तर या निधीची गरज पडली नसती.

राहिला पूर्वीच्या खेळाडूंचा दाखला. तो देणारे हे विसरतात की त्या पिढीतल्या कितीतरी खेळाडूंकडे करार नव्हता, नोकरी होती. रेल्वे, बँका, एअर इंडिया यांच्या संघांत खेळणारा माणूस त्या संस्थेच्या हजेरीपटावर असे. सामन्यांसाठी सुट्टी मिळे, बढती मिळे, पुढे निवृत्तिवेतनही मिळे. शनिवारी त्याचा गुडघा गेला, तर सोमवारी तो लंगडत कचेरीत जाऊन बसे आणि एक तारखेला पगार घेई.